तळ्यातला आणि टाकीतला

हश्मतला तळ्याबद्दल एक प्रश्न विचारायचा आणि दुपारचं जेवण विसरायचं, हे तंगेसरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी विचारत नसे. पण न विचारता सांगण्यातच त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. पिरूजच्या चहाखान्यात पाणी उकळणाऱ्या समोवारशेजारच्या बाकावर मांडी ठोकायची, साखरेचा खडा दातात धरायचा, आणि समोर जो सापडेल त्याच्यावर तळं ओतायचं. गावातून खालच्या शहरापर्यंत मिनीबस चालवायचा तेव्हाही हेच. लोक एक थांबा आधी उतरून पायी जायचे, पण ऐकायचे नाहीत.

त्याची बायको माहरुख हे सगळं लग्नापासून ऐकत आलेली. तिला ते इतकं पाठ झालं होतं, की भाजी निवडता निवडता ती त्याच्या आधी वाक्य पुरं करी.

"वसंतात बर्फ वितळतो, नदी गढूळ होऊन तळ्यात शिरते," हश्मत सुरू करी. "गढूळ आणि नितळ पाणी जिथे भेटतं, तिथे ट्राउट तोंड उघडून उभाच असतो. तेव्हा शेंबड्या पोरालाही मासा मिळतो. त्यात कसली आलीय मर्दुमकी? उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं, की मासा धरणाच्या भिंतीकडे खोल उतरतो. मग उजाडायच्या आत या, नाहीतर सूर्य बुडाल्यावर या. भर दुपारी छत्री लावून बसणारे शहरी येडे काय धरतात? सर्दी!"

"आणि मग खालचे भातवाले पाणी मागतात," माहरुख आतून ओरडे, "दरवाजे उघडतात, तळं उतरतं, काठाला चिखल होतो, शहरी लोकांचे बूट त्यात रुततात, आणि तुम्हाला आनंद होतो. झालं? आता जरा लाकडं आणा."

"शरदात मासा अंडी घालायला ओढ्यात चढतो," तो ढिम्म न हलता पुढे जाई, "तेव्हा गळ टाकणारा चोर. बंदीच असते, आणि असायलाच हवी. पण थंडी सरताना, काठचा बर्फ सुटला, बंदी उठली, की खरा मासेमार कोण ते कळतं."

इथे तो आवाज खाली आणी. जुनं तंगेसर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा हश्मत शाळेत होता. त्याच्या बापाची अक्रोडाची बाग आणि बागेतला झरा, दोन्ही तळ्याच्या पोटात गेले. सरकारने वर नवी घरं दिली, गाव वर सरकलं. पण हश्मतच्या लेखी तळ्याचा तळ अजून बापाच्याच नावावर होता.

"झऱ्याचं पाणी बाराही महिने एकसारखं. अख्खं तळं गारठलेलं असतं तेव्हा तिथे ऊब असते. मासा जमतो तिथेच. पण आळसावलेला. पळत्या आमिषामागे तो कशाला लागेल? चमचा तळाला टेकू द्यायचा, आणि इतका सावकाश ओढायचा, की ओढणाऱ्याला डुलकी लागावी."

चमचा म्हणजे गळाला बांधायचा पितळी पत्रा, पाण्यात चमकतो तो. हश्मतचा स्वतः ठोकून केलेला होता. मक्याचे दाणे लावणारे त्याच्या मते भिकारी, गांडूळ लावणारे आळशी, होडीतून मासे धरणारे अंथरुणात बसून जेवणारे. पिरूजची एक होडी होती. त्यामुळे पिरूजचीही यातून सुटका नव्हती.

"हश्मत-आगा, या दिवसांत दुपारनंतर लाल काठाला जा की," पिरूज एकदा म्हणाला. "खालून वारा सुटतो, वरचं उन्हाने कोमट झालेलं पाणी तिकडे ढकलतो. मासा त्याच्यामागनं काठाला येतो."

"लाल काठावर गाढवं पाणी पितात, पिरूज. तू जात असशील. मी माणसांच्या काठावर बसतो."

असं हे ध्यान. आणि एवढी जीभ चालवून वर्षाला घरी मासे किती यायचे, ते माहरुखलाच विचारा. तिच्या तव्याला ठाऊक होतं.

गावाला या जिभेचं काही नव्हतं. चार घटका करमणूक. भोगायचं ते घरच्यांनी. मोठा मुलगा कियूमर्सची पहिली सोयरीक या जिभेपायी मोडली होती. मुलीचा मामा गळाला मका लावतो हे कळल्यावर हश्मतने भर बैठकीत त्याला शेतात उभं राहायचा सल्ला दिला, पाखरं तरी जमतील म्हणून. मामा उठला, बैठक उठली. कियूमर्सने त्यानंतर बापाशी बोलणंच जवळपास सोडलं. कुठे मुलगी बघायचं नाव काढलं तर तोंड फिरवून बसे.

आता नस्तरन ठरली होती. शांत, कामाची, आणि मुख्य म्हणजे कियूमर्सला मनापासून आवडलेली पोर. माहरुखने तिच्यासाठी नवस केले होते. पण नशीब बघा, नस्तरनचा बाप कोण, तर मश्दी सफर! धरणाखाली सिमेंटच्या टाक्या बांधून ट्राउट पाळणारा. अख्ख्या खोऱ्यात मासे पाळणारा तेवढा एकच.

"तुमच्या पाया पडते," साखरपुड्याला जाताना माहरुखने नवऱ्याला विनवलं होतं. "आज माशावर बोलू नका. हवेवर बोला. गुडघेदुखीवर बोला."

"मी काय लहान आहे?" हश्मत म्हणाला.

जेवायला मश्दीने अर्थातच स्वतःच्या टाकीतले मासे तळले होते. हश्मतने ताटलीतला मासा उलटा केला, सुलटा केला, शेपटी बोटाने उचलली.

"मश्दी, राग मानू नका," तो म्हणाला. "पण याला मासा म्हणायचं का? ही पेंड खाऊन सुजलेली कोंबडी. बघा की, टाकीत गर्दीत घासून घासून शेपटी कशी बोथट झालीय. तळ्यातल्याची शेपटी कात्रीने कापल्यासारखी असते. कोपरे कसे, टोचतील असे!"

कुणी घास गिळला नाही. मश्दी सफर हसला, पण डोळे हसले नाहीत.

"बरोबर बोललात, हश्मत-आगा. आमचं आपलं कोंबड्यांचं दुकान. ईदच्या ताटात तुमच्या तळ्यातला येऊ द्या की. बघू तरी, मासा कसा असतो ते."

तंगेसरची ईद म्हणजे नवरोज, वसंतातलं नवं वर्ष. त्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाकडून मुलीकडे ताट जातं. हिरवी पालेभाजी, नारिंगं, कापड, आणि मधोमध अख्खा मासा, तोंडात अंगठी धरलेला. ताट सूर्य बुडायच्या आत निघायला लागतं. मुलीकडचे मासा कापतात, शेपटीकडचा अर्धा ठेवून घेतात आणि डोक्याकडचा अर्धा परत पाठवतात. म्हणजे लग्न पक्कं. मासा अख्खाच परत आला तर ते घर पुन्हा विसरायचं. असं फार क्वचित घडे. पण मश्दीच्या त्या हसण्यानंतर माहरुखची झोप उडाली. मासा टाकीतला निघाला, तर तो अख्खा परत येणार हे तिला लख्ख दिसत होतं. आणि या खेपेला मोडलं, तर कियूमर्स पुन्हा लग्नाला उभा राहायचा नाही, हेही.

हश्मत मात्र खुशीत. "आठवडा आहे की! एक काय, निवडून पाठवू."

त्या वर्षी थंडी मवाळ गेली. बर्फ लवकर वितळला, धरणाचे दरवाजे बंद, आणि तळं नेहमीपेक्षा कितीतरी वर चढलेलं. बापाचा झरा काठापासून इतका लांब गेला, की चमचा फेकला तरी अर्ध्या वाटेत पाण्यात पडे. हश्मत अंधारात उठून जाई, दिवस चढल्यावर निळ्या ओठांनी परत येई. एक दिवस वाऱ्याचा दोष. एक दिवस चंद्राचा. एक दिवस तर म्हणे धरणावरच्या पहारेकऱ्याने रेडिओ लावला होता.

"मासे रेडिओ ऐकत बसले असतील," माहरुख म्हणाली. "अहो, पिरूजची होडी घ्या ना."

"होडी? मी?"

"मग लाल काठाला जा."

"बायकांनी यात पडू नये."

"बायकांनी कशात पडावं? ताट डोक्यावर घेऊन कोण जाणार आहे त्या दारात? तुम्ही का? तोंड तुमचं, आणि त्या तोंडाचं फळ खाणार माझा पोरगा!"

त्याने बूट शेकोटीजवळ ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. माहरुखला त्याची तिळमात्र दया आली नाही. दुसऱ्या दिवशी ती खालच्या शहरात गेली, बाजारातल्या दुकानातून त्यातल्या त्यात मोठा ट्राउट निवडला, आणि घरामागे सावलीत उरलेल्या बर्फात घमेल्याखाली दडवला. तो कुणाच्या टाकीतला हे विचारायची गरज नव्हती. खोऱ्यात दुसऱ्या टाक्याच नव्हत्या.

ईदच्या आदल्या दिवशी हश्मत पहाटेच गेला तो गेलाच. दुपार झाली. शेजारणी नटून थटून जमल्या, ताट सजलं, मधली जागा तेवढी रिकामी. सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकला. कियूमर्स दारात उभा राहून वाटेकडे बघत होता. मग तो आत आला आणि आईकडे नुसतं बघितलं.

माहरुख मागच्या दारी गेली. घमेलं उचललं. माशाची शेपटी खरंच बोथट होती, मेल्या हश्मतने सांगितली होती अगदी तश्शी. तिने कात्री घेतली आणि झिजलेली कड कापून कोपरे काढायचा प्रयत्न केला. ते आणखीच वाईट दिसायला लागलं. मग तिने शेपटीवर पालेभाजीची जुडी पसरली, अंगठी तोंडात सरकवली, ताट डोक्यावर घेतलं आणि वाटभर नवऱ्याला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की सणाच्या दिवशी घालू नयेत.

मश्दी सफरच्या घरी दिवाणखाना भरला होता. नस्तरनच्या आजीने ताट उतरवून घेतलं. मश्दी पुढे झाला, उकिडवा बसला आणि माशाकडे बघत राहिला. उभा जन्म मासे हाताळलेला माणूस तो. त्याने पाल्याची जुडी दोन बोटांनी अलगद बाजूला केली आणि परत जागच्या जागी ठेवली.

"वा!" तो म्हणाला. "काय रुबाब! तळ्यातला तो तळ्यातलाच. हश्मत-आगांनी स्वतः धरला?"

कियूमर्स भिंतीशी उभा होता. नस्तरन चहाची किटली हातात धरून थांबली होती, आणि मासा कुठला ते तिलाही कळलं होतं, हे माहरुखला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"स्वतः," माहरुख म्हणाली. "स्वतःच्या हाताने."

"आणि ते स्वतः कुठे आहेत? एवढा पराक्रम करून घरी बसले?"

"थकलेत."

"साहजिक आहे. अशा माशाने कुणीही थकेल." दिवाणखान्यात कुणीतरी फिसकन हसलं. आजी सुरी घेऊन वाकली, तर मश्दीने हात आडवा केला. "थांब गं आई. घाई कसली? जरा डोळे भरून बघू दे सगळ्यांना."

तो आता ताट उचलणार आणि अख्खं परत देणार, हे माहरुखला कळून चुकलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात हश्मत. कमरेपर्यंत भिजलेला, दात वाजतायत, विजारीला लाल चिखल. गावात लाल चिखल एकाच ठिकाणी होता. आणि हातात, कल्ल्यात फांदी ओवलेला, एक ट्राउट. अंगावर माणकासारखे लाल ठिपके, पोट पिवळंधमक, आणि शेपटीचे कोपरे असे, की हात लावला तर टोचतील. असा मासा तळ्याने गेल्या कित्येक वर्षांत कुणाला दिला नव्हता. हश्मतचं तोंड उघडंच होतं. पहिलं वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं.

मग त्याची नजर ताटाकडे गेली. मासा. त्याच्या तोंडातली अंगठी. कापलेल्या शेपटीवरचा पाला. मग माहरुखकडे.

"हश्मत-आगा," मश्दी सावकाश म्हणाला, "तुम्ही थकून घरी झोपलाय म्हणे. ताटातला तळ्यातला मासा तुम्हीच धरला म्हणे, स्वतःच्या हाताने. मग हा कुठला?"

हश्मतने हातातल्या माशाकडे पाहिलं. माहरुख त्याच्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड तिला पुरतं माहीत होतं. आजवर आलेलं वाक्य त्याने कधी गिळलं नव्हतं. आता गेलं सगळं, तिने मनाशी म्हटलं. माझी अब्रू गेली आणि पोराचं घरही गेलं.

"हा होय?" हश्मत म्हणाला. आवाज थंडीने फाटला होता. "हा बाजारातला."

"बाजारातला?"

"टाकीतला. तुमच्याच टाकीतला असणार, मश्दी, दुसरी टाकी आहे कुठे? ताटात आमचा गेला, म्हटलं, तुमच्याही मालाचा मान ठेवावा ईदला. त्या दिवशी तुमच्या घरात बसून जरा जास्तच बोललो मी."

"आणि हे पाणी?"

"येताना ओढ्यात पाय घसरला."

मश्दी सफर उठला. हश्मतच्या हातातून मासा घेतला. अंगठ्याने शेपटी पसरली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ठिपके पाहिले. मग विजारीवरचा चिखल पाहिला. मग बराच वेळ हश्मतच्या तोंडाकडे बघत राहिला. हश्मतने मान खाली घातली नाही.

"माझ्या टाकीतला," मश्दी म्हणाला.

"तुमच्या टाकीतला."

"बरा वाढलाय की." त्याने आईच्या हातातली सुरी घेतली. "आई, ही अंगठी काढ तिकडून. कोंबडी तर कोंबडी, घरचीच कापू. तो तळ्यातला राहू दे बाजूला, शोभेचा आहे." अंगठी नव्या माशाच्या तोंडात गेली, मश्दीने एका घावात मासा कापला आणि डोक्याकडचा अर्धा माहरुखच्या ताटात ठेवला. "लग्न उन्हाळ्यात करू, माहरुख-खानुम. आणि या माणसाला कोरडे कपडे द्या कुणीतरी, मरेल तो इथे."

नस्तरनच्या हातातली किटली कियूमर्सने घेतली. बायकांनी आनंदाची हाळी घातली.

घरी येताना हश्मत मश्दीच्या आखूड विजारीत पुढे चालत होता. माहरुख मागे, डोक्यावर ताट.

"लाल काठाला गेला होतात," ती म्हणाली.

तो विजार वर ओढत चालत राहिला.

"पाण्यात उतरलात? या थंडीत? अहो, सांगा तरी. कसा लागला?"

"बाजारातनं आणला. सांगितलं ना."

"आता इथे कोण आहे ऐकायला?"

"माहरुख," तो म्हणाला, "एकदा बाजारातला म्हटलं की बाजारातला."

ईदच्या दुसऱ्या दिवशी ती भट्टीवरून नान घेऊन येत होती. चहाखान्याची दारं सताड उघडी, आत हशा. जन्मभर हश्मतचा मारा सोसलेले सगळे आज समोवारभोवती गोळा झाले होते. मका लावणारे, गांडूळ लावणारे, सगळे. आणि तो त्याच्या बाकावर मधोमध.

"काय हश्मत-आगा, कोंबडी कशी लागली?"

"पैसे मोजून धरलात म्हणे! दुकानदाराने फार झुंज दिली का हो?"

"आणि घरातला मासा ताटात गेला असताना दुसरा विकत आणायची अक्कल कुणाची? का ताटातलाही बाजारातलाच?"

"ताटातला माझा," हश्मत म्हणाला. "हातातला बाजारातला. आता चहा प्या."

एवढंच. ज्या माशावर तो पुढची दहा वर्षं बाक अडवून बसला असता, त्याच्याबद्दल एवढंच. माहरुखच्या हातातले नान गरम होते, तिचे तळवे भाजत होते. आत जाऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. सांगावं ओरडून, अरे मूर्खांनो, तुमच्यातल्या एकाच्याही बापाने असला मासा बघितलेला नाही! पण ते सांगायचं तर ताटातला कुठला होता, हेही सांगावं लागलं असतं. आणि डोक्याकडचा अर्धा कालच घरी शिजला होता.

पिरूजची नजर तिच्यावर गेली. "या या, माहरुख-खानुम! ऐकलंत ना? तुमच्या मालकांनी बाजार धरला, गळाने! तुम्ही तर जन्मभर ऐकलंय यांचं तळंपुराण. सांगा की, आता काय म्हणायचं अशा मासेमाराला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नेहमी याच वेळी ती दाराशी थांबून नवऱ्यावर असा एखादा टोला हाणी, की चहाखाना डोक्यावर घेतला जाई. आजही ते त्याचीच वाट बघत होते.

"काय म्हणणार?" माहरुख म्हणाली. "पेंड खाणाऱ्याला पेंड खाणाराच सापडणार."

चहाखाना फुटला. तिलाही हसावं लागलं, सगळ्यांबरोबर, मोठ्याने. हश्मतने साखरेचा खडा दातात धरला आणि बशीतला चहा संपवला.